उसने पांढरे कपडे



नटणे चांगले की वाईट, हा प्रश्न आपल्या घरांत दर पिढीला एकदा तरी निघतोच. आई मुलीला विचारते, आजी नातीला विचारते आणि आता बाप मुलालाही विचारू लागला आहे. दाढी किती ठेवायची, केस कानावर किती कापायचे, विजार घोट्याच्या वर असावी की खाली, याचाही आता सीझन ठरलेला असतो. मी काही पंडित नव्हे. जवळजवळ चाळीस वर्षे रुग्णालयात नर्स म्हणून काम करून निवृत्त झालेली एक बाई आहे. परंतु या प्रश्नाने मला आयुष्यात दोनदा अडवले, एकदा मुलगी म्हणून आणि एकदा आजी म्हणून. म्हणून चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

दुसरी गोष्ट आधी सांगते. 2025 च्या मे महिन्यात, लाग बाओमेर झाल्यावर, आमच्या नात्यातल्या एका मुलाची मेहंदी होती. त्यासाठी माझी अठरा वर्षांची नात अश्दोदला माझ्याकडे राहायला आली होती. तिने पलंगावर तीन ड्रेस पसरले. त्यांतला एक फिकट पीच रंगाचा, एकदाच घातलेला, अगदी नवाकोरा दिसत होता. तोच तिने बाजूला केला.

"अगं, हा किती छान आहे!" मी म्हटले.

"साव्ता, तो मागच्या वर्षीचा रंग. या वर्षी चॉकलेटी."

मला हसू आले. केळ्याला, आंब्याला सीझन असतो हे मला ठाऊक होते, पण रंगाला वर्ष असते हे नव्हते. पुढे चौकशी केली तेव्हा कळले, की पॅन्टोन नावाची अमेरिकेतली रंगांची कंपनी 2000 सालापासून दरवर्षी एक रंग 'वर्षाचा रंग' म्हणून जाहीर करते. 2024 साठी पीच होता, 2025 साठी दूध घातलेल्या कॉफीसारखा तपकिरी. शिवाय कोणत्या सीझनला कापडाचे कोणते रंग चालवायचे हे माल दुकानात येण्याच्या दीड-दोन वर्षे आधीच व्यापारी ठरवू लागतात. म्हणजे माझ्या नातीला 2025 च्या उन्हाळ्यात 'मनापासून' काय आवडणार, याची तयारी तिला पत्ता नसताना कुठेतरी सुरू झाली होती!

इथवर गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी होती. मग नातीने सहज सांगितले, की तिच्या नात्यातली दिमोनाची बहीण मेहंदीला येणार नाही. ही मुलगी तिच्याच वयाची. घरची परिस्थिती ओढाताणीची.

"का येणार नाही?" मी विचारले.

"मागच्या दोन्ही समारंभांत तिने तोच निळा ड्रेस घातला होता. फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत. तिसऱ्यांदा तोच कसा घालणार?"

"मग तुला काय वाटतं?"

तिने खांदे उडवले. "नाही आली तर नाही आली."

माझी नात वाईट मुलगी नाही. पण तिने खांदे उडवले आणि मला 1979 साल आठवले.

आम्ही 1974 साली मुंबईहून इस्रायलला आलो. मी सतरा वर्षांची, मराठी शाळेतून एस.एस.सी. होऊन आलेली. आधी उल्पानमध्ये हिब्रू शिकले, मग नर्सिंगचे शिक्षण घेतले. 1979 च्या हिवाळ्यात आम्हा मुलींना प्रमाणपत्रे देण्याचा समारंभ होता. माझी आई कुलाबा जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलेली, जन्मभर नऊवारी नेसलेली. तिच्याजवळ लाल काठाचे एक हिरवे इरकली लुगडे होते. लग्नकार्याला आणि नव्या सणाला ती ते काढायची. समारंभाच्या आठ दिवस आधीच तिने ते उन्हाला घालून ठेवले.

मी म्हटले, "आई, त्या दिवशी लुगडं नको नेसूस गं. सगळे वळून बघतील."

ती म्हणाली, "बघितलं तर काय होईल?"

मला उत्तर सुचेना. म्हणून मी चिडले. बाजारातून तिच्यासाठी एक ड्रेस आणला. योगायोग असा, की त्या हिवाळ्यात आमच्याकडच्या दुकानांतूनही तपकिरी रंगाचीच चलती होती. आईने तो मुकाट्याने घातला. समारंभात ती रांगेच्या टोकाच्या खुर्चीवर बसली, गुडघ्यांवर पर्स घट्ट धरून, झगा पुन्हा पुन्हा खाली ओढीत. माझे नाव पुकारले गेले. इतर मुलींच्या आया आपल्या लेकींसाठी उभ्या राहून टाळ्या वाजवीत होत्या. माझी आई बसूनच राहिली. उभी राहिली असती तर लोकांना तिच्या उघड्या पोटऱ्या दिसल्या असत्या.

घरी आल्यावर तिने ड्रेस काढून घडी घातली आणि म्हणाली, "तुझा दिवस होता, म्हणून ऐकलं." त्यानंतर तो ड्रेस तिने कधी घातला नाही. पण ते इरकली लुगडेही ती पुढे कधी बाहेर नेसली नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी लक्षात आले. ती 1996 साली गेली.

आता मूळ प्रश्नाकडे येते. नटणे हेच या सगळ्याचे मूळ आहे काय? पुष्कळ वडीलधारी माणसे 'हो' म्हणतील. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात सौंदर्य व्यर्थ म्हटले आहे, ते दाखवतील. तो अध्याय मलाही प्रिय आहे. तरीसुद्धा आपल्या धर्मपरंपरेने नटण्याला सरसकट पाप मानलेले नाही, हेही सांगितले पाहिजे.

निर्गमाच्या पुस्तकात, निवासमंडपापाशी हातपाय धुण्यासाठी जे पितळी गंगाळ केले, ते स्त्रियांच्या आरशांचे केले असे लिहिले आहे. रब्बी राशींनी त्यावर जुनी कथा दिली आहे. स्त्रियांनी आपले आरसे आणून दिले तेव्हा मोशे ते घेईना. नटण्यामुरडण्याची वस्तू पवित्र कामाला कशी चालेल, असे त्याला वाटले. परमेश्वराने त्याला सांगितले, की हे आरसे मला सर्वांत प्रिय आहेत. मिसर देशात गुलामीने खचलेल्या नवऱ्यांकडे या बायका अन्नपाणी घेऊन रानात जात, आरशात दोघांचे तोंड पाहून थट्टा करीत आणि त्यांच्या मनात पुन्हा जगण्याची इच्छा जागी करीत. त्यातूनच इस्राएलाची प्रजा वाढली.

सीझनच्या कपड्यांनाही तलमूदात जागा आहे. सणाच्या दिवशी घरातल्या बाईला आनंदित करावे, ते कशाने? बाबिलोनियात रंगीत कपड्यांनी आणि या आपल्या देशात इस्त्री केलेल्या तागाच्या वस्त्रांनी, असे उत्तर दिले आहे. म्हणजे देशपरत्वे फॅशन वेगळी, हेही त्यांना मान्य! आणि म्हातारपणी नटू नये असे म्हणणाऱ्यांसाठी रव हिस्दांची गोष्ट आहे. सणाच्या मधल्या दिवसांत त्यांची पत्नी सुनेदेखत शृंगार करीत होती. समोर बसलेल्या एका रब्बीने शंका काढली, की ही सवलत तरुण स्त्रियांसाठी असेल. रव हिस्दांनी उत्तर दिले, की तुमच्या आईलाही आहे, आजीलाही आहे आणि जिचा एक पाय कबरीत आहे तिलाही आहे. साठी उलटलेली बाई म्हणून मला रव हिस्दांविषयी फार आदर वाटतो.

माझ्या धंद्यानेही मला हेच शिकवले. रुग्णालयात सगळ्यांना एकसारखा ढगळ पायजमा मिळतो. बँकेचा मॅनेजर आणि भाजीवाला त्यात सारखेच दिसतात. मोठे ऑपरेशन झालेली बाई दोन-तीन दिवस कशाचीच चौकशी करीत नाही. मग एका सकाळी ती हळूच विचारते, "सिस्टर, कंगवा आहे का?" तो शब्द ऐकला, की आम्ही जुन्या नर्सेस एकमेकींकडे पाहून हसायचो. चार्टवर ताप उतरलेला दिसण्याआधी आम्हाला कळलेले असायचे, की बाई आता बरी होणार. पुरुषांचेही तसेच. मुलगा भेटायला येणार म्हणून थरथरत्या हाताने दाढी करू पाहणारे किती तरी म्हातारे मी पाहिले. त्यांच्या गालाला साबण लावताना 'व्यर्थ' हा शब्द माझ्या मनात कधी आला नाही.

मग वाईट काय आहे? वाईट आहे ती लाज. नटून माणसाला आनंद होतो तोवर ठीक. पण आज जिला 'सीझन' म्हणतात, ती गोष्ट आनंदावर फार काळ चालत नाही. काल जे चांगले होते त्याची आज लाज वाटली, तरच नवा माल खपतो. ही लाज आधी कपड्याची असते, मग अंगाची होते आणि शेवटी आपल्या माणसांची होते. माझ्या बाबतीत ती थेट आईपर्यंत पोचली होती.

अंगाची लाज काय करते ते मी वॉर्डात पाहिले आहे. चांगल्या घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुली उपाशी राहून काड्या झालेल्या. वजन करण्याआधी लिटरभर पाणी पिऊन येणाऱ्या, म्हणजे काटा थोडा जास्त दिसावा आणि आम्ही त्यांना घरी सोडावे. त्यांच्या उशाशी मासिके असत आणि त्यांतली चित्रेही खरी नसत. आपल्या देशात 2012 साली याबाबत कायदा झाला. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा डॉक्टर काढतात, तो 18.5 पेक्षा कमी असेल तर त्या मॉडेलला जाहिरातीत घेता येत नाही, वैद्यकीय दाखला लागतो. संगणकावर चित्रातली व्यक्ती बारीक केली असेल तर तसे छापावे लागते. हा कायदा मांडणाऱ्यांत डॉ. राहेल अदातो होत्या, स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. कायद्याने सगळे सुधारते असे नाही, पण लाज पेरणे हा नुसता व्यापार नाही, हे एका पार्लमेंटने मान्य केले, हे थोडे नव्हे.

आणि रंगाची लाज? ती तर आपल्याच घरात आहे. लहानपणी मुंबईत आम्हाला बेसन-हळद फासून गोरे करण्याचा खटाटोप चाले. 'फेअर अँड लव्हली' 1975 साली भारतात निघाले आणि 2020 साली त्याचे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. नाव बदलायला पंचेचाळीस वर्षे लागली. इकडे अश्दोदच्या किनाऱ्यावर पाहावे तर गोऱ्या बाया-पुरुष तेल लावून तासन्‌तास उन्हात पडलेले, काळे होण्यासाठी! दोघांपैकी कुणालाही देवाने दिलेला रंग पुरत नाही. आपल्या समाजात काळे आणि गोरे इस्राएल असा भेद एके काळी किती कडवटपणे पाळला जाई, हे जुन्या मंडळींना मी सांगायला नको.

कुणी म्हणेल, आता कपडे स्वस्त झाले आहेत, गरिबालाही फॅशन परवडते, मग लाज कशाची? स्वस्ताईची किंमत दुसरे कुणी तरी देत असते. 24 एप्रिल 2013 रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. तिच्यात परदेशी दुकानांसाठी कपडे शिवण्याचे कारखाने होते. आदल्या दिवशीच भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरीही कामगारांना कामावर बोलावले गेले. अकराशेहून अधिक माणसे मेली, त्यांत बहुसंख्य बायका. माझे वडील मुंबईच्या कापडगिरणीत होते. मशीन थांबवायचे नाही म्हणजे काय, हे त्यांच्याकडून ऐकले होते. त्यामुळे ती बातमी मला परक्या देशाची वाटली नाही.

मग सगळ्यांनी एकसारखे कपडे घालावेत काय? तोही प्रयोग झालेला आहे. सुरुवातीच्या किब्बुत्झांत कपडे सर्वांचे मिळून असत. धुऊन आले, की ज्याला जे मिळेल ते घालायचे. ते टिकले नाही. माणसाला स्वतःचा म्हणून एक सदरा लागतो. आम्हा नर्सेसना गणवेश होता, पण लाज गणवेशातूनही वाट काढायची. कुणाचे बूट कसले, कुणाच्या मनगटावर कुठले घड्याळ, हे आम्ही पाहतच होतो. खरी समानता एकाच ठिकाणी आहे. पूर्वी आपल्या लोकांत मृताला भारी वस्त्रांत नेण्याची चढाओढ इतकी वाढली, की मरणापेक्षा खर्च जड होऊ लागला. तेव्हा रब्बान गमलिएल यांनी आपल्याला साध्या तागाच्या वस्त्रात न्यावे असा पायंडा पाडला, आणि तेव्हापासून श्रीमंत-गरीब सारखेच जातात. माझी आईही तशीच गेली. पण माणसाला बरोबरीचा मान मिळायला मरणापर्यंत थांबावे लागू नये.

याचे उत्तर मला मिश्नामध्ये, तानीथच्या अगदी शेवटी सापडले. अव महिन्याच्या पंधराव्या दिवशी आणि योम किप्पूरला यरुशलेमच्या मुली पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यांत नाचायला जात. ते कपडे उसने आणलेले असत, जिच्याजवळ नाहीत तिला लाज वाटू नये म्हणून. तलमूद त्यात भर घालतो. राजाची मुलगी प्रमुख याजकाच्या मुलीकडून कपडे उसने घेई, त्याची मुलगी त्याच्या हाताखालच्याच्या मुलीकडून, आणि असे करत करत सगळ्या इस्राएलच्या मुली एकमेकींकडून.

नीट विचार करा. राजाच्या मुलीला काय कमी होते? तिने गरीब मुलींना दोन गाड्या भरून कपडे वाटले असते. पण वाटले असते तर प्रत्येक कपड्यावर 'हा राजवाड्याचा' असे लोकांनी ओळखले असते. म्हणून तिलाच मागायला लावले, आणि तेही आपल्यापेक्षा एक पायरी खालच्या मुलीकडे. देणाऱ्याचा हात वर असतो, पण जिच्याकडे कुणी मागायला येते तिची मान वर होते. आपले पूर्वज कोकणात दारफाळणीच्या सणाला पांढरे कपडे घालून उपास करीत आणि दारे लावून घरात राहत. आजही त्या दिवशी सिनेगॉगमध्ये सगळीकडे पांढरेच दिसते आणि चामड्याचे जोडे वर्ज्य असतात. त्या पांढऱ्यात पावित्र्य आहे तसाच शेजारणीचा मान राखण्याचाही अर्थ आहे, असे मला वाटते.

हे मी नातीला सांगितले, आणि आईची गोष्टही सांगितली. ती आजवर मी माझ्या मुलीलासुद्धा सांगितली नव्हती. नात गप्प बसली. मग म्हणाली, "मी तिला माझा पीच ड्रेस देते."

मी म्हटले, "जो तुला मागच्या वर्षीचा झाला तो?"

ती ओशाळली. "मग काय करू?"

"देऊ नकोस. तिच्याकडे काहीतरी माग."

त्या दिमोनाच्या मुलीजवळ तिच्या आजीचे मुंबईचे झुमके आहेत, फार सुरेख. नात दुसऱ्या खोलीत जाऊन फोनवर बोलली. काय बोलली ते मी विचारले नाही. मेहंदीच्या संध्याकाळी ती मुलगी आली, झुमके पर्समध्ये घेऊन, अंगात तोच निळा ड्रेस. नातीने चॉकलेटी ड्रेसच घातला होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तिचे वय आहे. कानांत मात्र उसने झुमके होते, आणि जो तो विचारी त्याला ती सांगत होती, "हे माझे नाहीत, हिचे आहेत."

बंधुभगिनींनो, पुढच्या सीझनला काय घालावे हे सांगायला मी बसलेले नाही. हौसेने नटा. फक्त आपल्या मेहंदीत, मलिद्यात, बार मित्झ्वात कुणालाही "हा मागच्या वेळचाच ना?" असे विचारू नका, थट्टेनेही नको. ज्यांची कपाटे भरलेली आहेत त्यांनी एखादी साडी, एखादा दागिना दुसऱ्या घरून मागून आणावा आणि तो कुणाचा ते चारचौघांत सांगावे. आपल्या एकही घरातली मुलगी कपड्यावाचून घरी राहू नये, एवढे आपण करू शकतो.

आईचे इरकली लुगडे माझ्याकडे आहे. मला नऊवारी नेसता येत नाही. इथल्या एका वृद्ध मावशींना शिकवायला सांगितले आहे, आणि येत्या नव्या सणाला मी ते नेसून सिनेगॉगला जाणार आहे. लोक वळून बघतील. बघितलं तर काय होईल, असे आईने विचारले होते. काही होणार नाही, एवढे उत्तर द्यायला मला इतकी वर्षे लागली.